उथळ पाण्यातला कार्प आणि फ्लाय

प्रश्न : शिकागोत राहतो. जूनमध्ये लेक मिशिगनमधल्या बीव्हर आयलंडला गेलो होतो. गुडघाभर पाण्यात मोठमोठे कार्प स्पष्ट दिसत होते, पण फ्लाय पाण्यात पडली की पळून जात. काय चुकतं?

उत्तर : तुमची फ्लाय बहुधा माशाच्या फार जवळ पडते आहे. कार्पचा वाताशय बारीक हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेला असतो, त्यामुळे हलकासा ‘टप’ आवाजही त्याला मोठा वाटतो. म्हणून फ्लाय त्याच्या पलीकडे आणि वाटेच्या पुढे टाका, रॉड उंच धरून अलगद ओढत त्याच्या मार्गावर आणा आणि तळाशी बसू द्या. पाण्यात चालतानाही गोटे वाजू देऊ नका.

मासा निवडणं त्याहून महत्त्वाचं आहे. पृष्ठभागाजवळ ऊन खात पडलेल्यांच्या मागे लागू नका. डोकं खाली, शेपटी वर आणि भोवती गढूळ पाणी, तो खरा खाणारा. तिथले कार्प क्रेफिश आणि गोबी मासे खातात, तेव्हा तशाच रंगाची, वजनदार फ्लाय हवी. ८ नंबरचा रॉड पुरतो.

हिसका जाणवण्याची वाट पाहू नका. कार्प फ्लाय ओठांनी शोषतो आणि क्षणात थुंकतो. नजर माशावरच ठेवा. तो थबकला किंवा त्याने डोकं वळवलं, की दोरी हाताने सावकाश ताणा. रॉड झटकन उचलाल तर फ्लाय तोंडातून निसटेल.

आणि हो, इलिनॉयचा परवाना मिशिगनच्या पाण्यात चालत नाही.