हातांचे प्रत्यारोपण : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

मूत्रपिंड निकामी झाले, तर जीव धोक्यात येतो. हात गमावूनही मनुष्य जगू शकतो. म्हणूनच हाताच्या प्रत्यारोपणाचे यश शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही. ते पुढील अनेक वर्षांच्या देखरेखीतून ठरते.

२३ सप्टेंबर १९९८ रोजी फ्रान्समधील ल्यों येथे डॉ. झां-मिशेल द्युबेर्नार व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णास मृत दात्याचा हात जोडला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु पुढे रुग्णाने औषधे घेणे सोडले. शरीराने तो हात नाकारला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये तो काढून टाकावा लागला. याउलट, जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे जोडलेला हात वीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

मज्जातंतूंची वाटचाल

अस्थी, रक्तवाहिन्या, स्नायू व मज्जातंतू काही तासांत जोडता येतात. मात्र मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढेच वाढतात. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत संवेदना पोहोचण्यास सहा-सात महिने, तर दंडापासून दीड वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. तोवर नवा हात आपला असूनही मुका असतो. या काळात सांधे आखडू नयेत, यासाठी रोजचा व्यायाम अनिवार्य ठरतो.

दक्षता जन्मभराची

परक्या अवयवांत त्वचेला शरीराचा विरोध विशेष तीव्र असतो. तथापि, त्यात एक सोयही आहे : धोक्याची सूचना डोळ्यांना दिसते. हातावर लाल चट्टे अथवा सूज आढळताच त्वचेचा लहानसा तुकडा तपासून वेळीच उपचार करता येतात. टॅक्रोलिमस यांसारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांमुळे जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार व काही कर्करोग यांचा धोका वाढतो. त्यामुळे हात उत्तम चालत असला, तरी नियमित रक्ततपासणी टाळून चालत नाही.

आपल्या देशात

भारतातील पहिले दुहेरी हस्तप्रत्यारोपण जानेवारी २०१५ मध्ये कोची येथील अमृता संस्थेत झाले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईतही अशी शस्त्रक्रिया पार पडली. दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या घटकेला दाखविलेल्या औदार्याविना हे शक्य नाही. त्या दानाचे चीज करणे मात्र रुग्ण, त्याचे कुटुंबीय व वैद्य यांच्या अखंड सहकार्यावर अवलंबून आहे. त्या हाताने स्वतःचा घास स्वतः घेता येणे, हेच या दीर्घ परिश्रमांचे फळ होय.