पायांचं गाऱ्हाणं ऐक

चिंचवड

चि. सौ. स्नेहल,

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "आत्या, पायांना मुंग्या येतात. सेफ्टी शूज घालून आठ तास लाइनवर उभी असते ना, म्हणून असेल." ते मनातून जाईना, त्यात तू गरोदर, म्हणून लिहिते आहे.

मी नोकरीत असताना वॉर्डात पाच महिन्यांची एक गरोदर बाई आली होती. जिन्यात तिची एक चप्पल निसटली नि ती तशीच वर आली. तिला पत्ताच नव्हता. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलेलं, म्हणून घरचे निर्धास्त. कमी होतं ते बी-१२. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं, पण बी-१२ नसेल तर नसांवरचं आवरण झिजतच राहतं. तुझ्या लोहाच्या लाल गोळीत बी-१२ नसतं. ती बंद करू नकोस. पण तेवढ्यावर विसंबू नकोस.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिघींपैकी जवळजवळ दोघींना बी-१२ कमी होतं. पुढे नवव्या वर्षी मुलं तपासली, तेव्हा ज्यांच्या आईला ते फार कमी होतं, ती एकाग्रतेत नि स्मरणात मागे पडली.

आपलं माळकरी घर. अंडं खा म्हणणार नाही. पण भाजी-भाकरीत बी-१२ नाही. दूध-दही रोज घे, चहातलं दूध त्यात धरू नकोस. याच आठवड्यात रक्त तपासून घे. कमी निघालं तर नुसत्या दह्याने भरून येत नाही. डॉक्टर देतील त्या गोळ्या नि ती इंजेक्शनं पूर्ण कर.

उलट्या होत असतील तर त्यांनाही "दिवस गेल्यावर चालायचंच" म्हणू नकोस. सतत उलट्या झाल्या की शरीरातला बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. एकाचे दोन दिसले, तोल गेला, बोलण्यात गोंधळ झाला, तर शिफ्ट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ. किती दिवस उलट्या होताहेत ते आधी सांग. ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. हे नवऱ्यालाही सांगून ठेव.

आज रात्री डोळे मिटून बस आणि नवऱ्याला तुझ्या पायाचा अंगठा हळूच वर-खाली करायला सांग. वर हलला की खाली, ते ओळखता आलं नाही, तर आठवडा नको, उद्याच जा. मी सोबत येते.

तुझी,
आत्या