वजनाच्या नोंदीपलीकडे : डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांचे आरोग्य व विकास

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही नावे महाराष्ट्राला परिचित झाली ती 1992-93 सालच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून जव्हार-मोखाडा म्हटले की कुपोषण हा शब्द आपोआप पुढे येतो. अंगणवाडीतील वजनकाटा, दंडाचा घेर मोजण्याची पट्टी, तीव्र कुपोषित बालकांच्या याद्या, पोषण पुनर्वसन केंद्र ही सारी व्यवस्था पुढील काळात या भागात रुजली आणि तिचे मोल आम्ही रोज अनुभवतो. तथापि, या याद्यांमध्ये अशीही काही बालके असतात की ज्यांचे वजन केवळ अन्न अपुरे पडल्यामुळे घटलेले नसते. डाऊन सिंड्रोम असलेले बालक हे त्यांपैकी एक होय. अशा बालकांविषयी गेल्या काही दशकांत जगभर जे संशोधन झाले, त्यातील आपल्या भागाला उपयोगी पडेल असा भाग देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः पालक यांच्यासमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही वैद्यक नव्हे, रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहणारे आहोत. म्हणून वैद्यकीय परिभाषा शक्य तेथे टाळली आहे.

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये 21 व्या जोडीत एक गुणसूत्र अधिक असते. या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन जॉन लँग्डन डाऊन या इंग्लिश वैद्याने 1866 साली केले. तिचे कारण मात्र 1959 साली पॅरिस येथील संशोधनातून उलगडले. सुमारे 95 टक्के बालकांत हे जादा गुणसूत्र बीजपेशी तयार होताना घडलेल्या विभाजनातील चुकीमुळे येते. ते आईच्या वागण्यामुळे, खाण्यापिण्यामुळे, ग्रहणामुळे किंवा कुणाच्या नजरेमुळे येत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण निदान कळल्यावर घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो सुनेला, आणि त्या प्रश्नाचे ओझे ती वर्षानुवर्षे वाहते.

आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे. विशीतल्या मातेच्या बाबतीत साधारण दीड हजार जन्मांमागे एक असे असणारे प्रमाण चाळिशीत शंभरांमागे एक इतके होते. परंतु बहुसंख्य बाळंतपणे तरुण मातांचीच असल्याने डाऊन सिंड्रोम असलेली बहुसंख्य बालकेही तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. आपल्या भागात तर लग्ने लवकर होतात; तेव्हा ‘आई लहान आहे, तिच्या मुलाला असे कसे होईल’ हा तर्क उपयोगाचा नाही. मुंबई, दिल्ली व बडोदे येथील जन्मांच्या 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित पाहणीत हे प्रमाण सुमारे 1150 जन्मांमागे एक असे आढळले होते. ते आकडे मोठ्या शहरांतील रुग्णालयांचे होते. डोंगरातल्या पाड्यावर बाळंतपण झाले, बालक काही महिन्यांत दगावले आणि कारणापुढे ‘अशक्तपणा’ असे लिहिले गेले, तर त्या बालकाची गणना कोठेच होत नाही.

येथेच आपल्या मूळ मुद्द्याशी आपण येतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या नवजात बालकाचे स्नायू सैल असतात. अंगावर घेतले की ते हातातून निसटल्यासारखे वाटते. ओठ व जीभ यांची पकड कमी असल्याने ते नीट ओढून दूध पीत नाही, लवकर दमते आणि झोपी जाते. बालक शांत आहे, रडत नाही, म्हणून घरचे समाधान मानतात. महिन्या-दोन महिन्यांत वजन मागे पडते. पुढे सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषित अशी नोंद होते. ती नोंद चुकीची नसते, अपुरी असते. दोन निराळ्या खात्यांतील रकमा एकाच शीर्षाखाली लिहिल्या तरी बेरीज जुळते, पण तोटा नेमका कोठे होत आहे हे कळत नाही. वाणिज्य शाखेच्या माणसाला ही गोष्ट फार लवकर शिकवली जाते. पोषक आहार देऊनही वजन हलत नसेल, तर आहाराखेरीज दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

ते कारण पुष्कळदा हृदयात असते. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातील विशेष महत्त्वाचा दोष म्हणजे हृदयाच्या मध्यभागी, वरच्या व खालच्या कप्प्यांच्या सांध्यावर, पडदा व झडपा अपूर्ण राहणे. अशा हृदयातून फुप्फुसांकडे गरजेपेक्षा अधिक रक्त, अधिक दाबाने जात राहते. बालकाला धाप लागते, दूध पिताना कपाळावर घाम येतो, वारंवार न्यूमोनिया होतो. प्यालेले दूध अंगी लागण्याऐवजी श्वासाच्या श्रमांत खर्ची पडते. शस्त्रक्रियेने हा दोष दुरुस्त करता येतो आणि ती साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान केली जाते. उशीर झाला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सततच्या दाबाने जाड व कठीण होतात. डाऊन सिंड्रोममध्ये हे इतर बालकांपेक्षा लवकर घडते. एकदा ती अवस्था आली की शल्यविशारद शस्त्रक्रिया करू शकत नाहीत. वर्ष-दीड वर्ष केवळ वजनाची वाट पाहण्याचा अर्थ काही बालकांच्या बाबतीत असा होतो.

आणखी एक बाब पालकांनी ध्यानात ठेवावी. छातीला नळी लावून ऐकलेले ठोके स्वच्छ असले, तरी हृदयात दोष नाही असे म्हणता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 साली दिलेल्या व 2022 साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा प्रत्येक नवजात बालकाची हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको तपासणी, करावी असे म्हटले आहे. जव्हारहून नाशिक सुमारे 80 किलोमीटर, मुंबई सुमारे दीडशे. अंतर कागदावर मोठे नाही. पण तान्हे मूल, बाळंतीण, सोबतीला एक माणूस आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी असा हिशेब मांडला की ते वाढत जाते.

इतर तपासण्यांचा विचार थोडक्यात करता येईल. थायरॉइड ग्रंथी मंद असण्याचे प्रमाण या बालकांत अनेक पटींनी अधिक असते. त्याची लक्षणे (सुस्ती, बद्धकोष्ठता, खुंटलेली वाढ) डाऊन सिंड्रोमच्या लक्षणांत मिसळून जातात, त्यामुळे रक्त तपासल्यावाचून उलगडा होत नाही. जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्ष पूर्ण होताना आणि नंतर दरवर्षी ही तपासणी व्हावी. निदान झाले तर रोजची एक स्वस्त गोळी पुरते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येणे, डोळ्यांना चष्म्याची गरज असणे, झोपेत श्वास अडखळणे या गोष्टीही निम्म्याहून अधिक बालकांत आढळतात. ज्याला ऐकूच नीट येत नाही, ते मूल बोलायला शिकणार कसे? त्याचे न बोलणे मात्र त्याच्या बुद्धीच्या खात्यावर टाकले जाते.

विकासाविषयीचे संशोधन पालकांना धीर देणारे आहे, पण त्याबद्दल अवास्तव आश्वासने देणे आम्हांस मान्य नाही. डाऊन सिंड्रोम बरा होत नाही. बौद्धिक मर्यादा कमी-अधिक प्रमाणात राहते. मात्र मूल बसते, चालते, बोलते, उशिरा. सर्वसाधारणपणे ते वर्षाच्या आसपास बसते आणि दोन वर्षांच्या सुमारास चालू लागते, काहींना चार वर्षेही लागतात. संस्थेत ठेवलेल्या मुलांपेक्षा घरी वाढलेली मुले अधिक प्रगती करतात, हे 1960 च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसून आले. ही मुले बोलू शकतात त्यापेक्षा त्यांना पुष्कळ अधिक समजते आणि ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले त्यांच्या चांगले लक्षात राहते. इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथे सू बकली यांनी 1980 पासून केलेल्या कामातून, यांपैकी अनेक मुले वाचायला शिकू शकतात आणि वाचनाने त्यांचे बोलणेही सुधारते, हे पुढे आले. आपल्या मुंबईत त्याच्याही पूर्वी, 1944 साली, वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी जी शाळा सुरू केली, ती आज जय वकील फाउंडेशन म्हणून शिवडीत उभी आहे. त्या काळी पुस्तकांत या मुलांविषयी आशेचा शब्द क्वचितच सापडला असता.

आयुर्मानाचे आकडेही बोलके आहेत. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मृत्यूसमयीचे मध्यम वय 1983 साली 25 वर्षे होते, ते 1997 साली 49 वर्षांवर गेले. या वाढीत हृदयशस्त्रक्रियेचा वाटा मोठा आहे. म्हणजे येथील आज तान्हे असलेले मूल उद्या पन्नाशी गाठू शकते. त्या वयात विस्मरणाचा आजारही या व्यक्तींना लवकर गाठतो आणि तोवर आईवडील थकलेले असतात, हाही विचार कुटुंबाने व समाजाने करावयाचा आहे.

अशा बालकांना शोधून काढण्याची शासकीय यंत्रणा आज उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघर येथूनच झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मतः ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करताना शोधावयाच्या जन्मजात दोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा स्पष्ट उल्लेख आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. परंतु दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेलेले असले, तर पथक येते तेव्हा मूल पाड्यावर नसते. आणि हृदयाच्या दोषात तर चार-सहा महिनेच हाताशी असतात.

हे ध्यानी घेऊन आमच्या रुग्णालयाने अशा प्रत्येक बालकासाठी एक लहान पुस्तिका तयार केली आहे. तिच्यात इको, थायरॉइड, कान व डोळे यांच्या तपासण्यांचे दिनांक आणि निष्कर्ष मराठीत लिहिले जातात. ती आईजवळच राहते, स्थलांतरात सोबत जाते आणि कोणत्याही दवाखान्यात दाखविता येते. दूध चमच्याने व वाटीने कसे पाजावे, बालकाला उभे धरून कसे भरवावे, नागलीची पेज केव्हा सुरू करावी, हे परिचारिका प्रत्यक्ष करून दाखवतात. शस्त्रक्रियेचा खर्च शासकीय योजनांतून बहुतांशी भागतो. न भागणारा खर्च म्हणजे प्रवास, सोबतीच्या माणसाचे जेवण आणि बुडालेली मजुरी. त्यासाठी प्रवास साहाय्य निधी असे स्वतंत्र खाते उघडण्यात आले आहे. त्यातील रक्कम इमारत अथवा यंत्रसामग्री यांकडे वळविली जाणार नाही, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे.