वकील व्हायचंय? आधी वही-पेन घ्या, मग क्लास

मुलाला किंवा मुलीला कायद्याला घालायचं ठरलं की घरात पहिली चौकशी होते ती क्लासची. फीचा आकडा ऐकून काही घरं तिथेच माघार घेतात, तर काही जण लगेच पहिला हप्ता भरून मोकळे होतात. खरं तर या सगळ्या वाटेवर सर्वांत सहज टाळता येण्याजोगा खर्च क्लासचाच आहे. जे खर्च टळत नाहीत, त्यांची विचारपूस मात्र प्रवेशाच्या आठवड्यात सुरू होते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मुख्यतः दोन परीक्षांशी गाठ असते. राज्याच्या सीईटी कक्षाची एमएच-सीईटी लॉ ही एक. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती वेगवेगळी होते. दुसरी राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपल्या राज्यातली तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधूनच विद्यार्थी घेतात. तिथे सीईटीचे गुण चालत नाहीत. हे ठाऊक नसलेली मुलं दरवर्षी भेटतात. क्लॅट डिसेंबरात होते आणि तिचे अर्ज त्याआधी काही महिने भरावे लागतात, त्यामुळे बारावीच्या निकालानंतर जागं होणाऱ्याच्या हातून ते वर्ष गेलेलं असतं.

आता अर्जांचे पैसे. गेल्या दोन वर्षांतले दर धरले तर क्लॅटला खुल्या गटात ४,००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ३,५०० रुपये पडतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट ही परीक्षा स्वतंत्र आहे, तिचे ३,५०० रुपये. सिम्बायोसिसच्या स्लॅटला २,२५० रुपये, शिवाय प्रत्येक अभ्यासक्रमामागे १,००० रुपये वेगळे. सीईटीला खुल्या गटात १,००० रुपये. चारही अर्ज भरले की पावणेबारा हजार रुपये गेले, आणि अजून पुस्तकाचं पानही उघडलेलं नाही. सगळ्या परीक्षा देऊन ठेवाव्यात असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. ज्या संस्थेची पाच वर्षांची फी घराला झेपणारच नाही, तिच्या परीक्षेचा अर्ज भरण्यात अर्थ नाही.

म्हणून अर्जाच्या आधी पूर्ण मुदतीचं बिल काढा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत फी, वसतिगृह आणि खानावळ धरून वर्षाला तीन लाख रुपये सहज लागतात, काही ठिकाणी त्याहून बरेच जास्त. म्हणजे पाच वर्षांचे पंधरा लाख किंवा त्यापुढे. दुसऱ्या टोकाला मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय आहे. १८५५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाची वार्षिक फी आजही काही हजारांतच आहे. अर्थात मुंबईत राहण्याचा खर्च फीच्या कित्येक पट होतो, आणि लातूर-जळगावच्या मुलाने हिशेब धरायचा तो खोलीचा, फीचा नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांची मोठी रांग आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. महाविद्यालयाच्या खिडकीवर सांगितलेला आकडा या आकड्याशी ताडून पाहा. तफावत असेल तर ती कशाची, हे लेखी मागा. याच बैठकीत महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हेही तपासून घ्या. मान्यता नसलेल्या महाविद्यालयाच्या पदवीवर सनद मिळत नाही.

क्लॅटच्या वाटेवर आणखी एक खर्च दबा धरून असतो. रँक आली तरी समुपदेशन फेरीत भाग घेण्यासाठी आधी रक्कम भरावी लागते. गेल्या काही वर्षांत ती खुल्या गटासाठी वीस ते तीस हजारांच्या घरात राहिली आहे. जागा मिळाली तर ती फीत वळती होते, पण माघार घ्यायची असेल तर परताव्याची मुदत पाळावी लागते. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटची उत्तरतालिका तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि प्रवेश बरेच लांबले. तेव्हा ही रक्कम कोणाकडून आठ दिवसांच्या बोलीवर उसनी आणू नका.

क्लासचं काय? पुण्या-मुंबईत क्लॅटचा वर्षभराचा वर्ग लाख-सव्वा लाखापर्यंत जातो. ऑनलाइन वर्ग पंधरा ते चाळीस हजारांत मिळतो. सीईटीपुरता झटपट वर्ग त्याहून बराच स्वस्त असतो. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो धरून सांगितला की सोडून, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

मात्र पैसे देण्याआधी परीक्षा काय मागते ते बघावं. क्लॅटमध्ये २ तासांत १२० प्रश्न असतात, सगळे इंग्रजीत, आणि बहुतेक उताऱ्यांवर बेतलेले. कायद्याचं आधीचं ज्ञान लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावायचा असतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. ही परीक्षा वाचनाची आहे आणि वाचनाचा वेग कोणी कोणाला विकत देऊ शकत नाही. वर्षभर रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र, विशेषतः त्याची संपादकीय पानं, घड्याळ लावून वाचणं हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना प्रश्न क्लॅट घेणाऱ्या विद्यापीठ संघाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पैसे घालायचेच असतील तर सराव चाचण्यांच्या संचात घाला. तो दोन-चार हजारांत येतो आणि मुलगा कुठे अडखळतो ते महिन्याभरात कळतं. तेवढ्यावर भागलं नाही, तर क्लासचा विचार करायला तेव्हाही उशीर झालेला नसतो.

सीईटीचा बाज निराळा आहे. इथे उणे गुण नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत अलीकडे १२० पैकी फक्त ८ प्रश्न गणिताचे असतात. कायदेविषयक कल आणि तर्कक्षमता यांचे मिळून ६४. तरीही क्लासच्या माहितीपत्रकात गणिताची वेगळी तुकडी दिसली, तर ती कोणाच्या सोयीची आहे ते ओळखा! संविधानाची मराठी प्रत सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. सामान्यज्ञानाचा हजार पानी ठोकळा मात्र दुकानातच राहू दे.

क्लास लावलाच तर सही करण्यापूर्वी परताव्याची अट वाचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी आणि मध्येच फी वाढवू नये, असं त्यांत म्हटलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींवरही बंधनं आणली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापताना त्याने तिथे नेमका कोणता अभ्यासक्रम किती काळ केला, हे सांगावं लागतं. भिंतीवर झळकणाऱ्या मुलाने वर्षभर क्लास केला होता की शेवटच्या महिन्यात फक्त चाचण्या दिल्या होत्या, हे विचारायला संकोचू नका.

सर्वांत मोठी खबरदारी हप्त्यांची. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे पुढे केलं जातं ते बहुतेक वेळा पालकाच्या नावावरचं कर्ज असतं. मुलाने क्लास सोडला तरी कर्ज देणारी कंपनी हप्ता कापत राहते, आणि क्लासवाला तिच्याकडे बोट दाखवतो. फी टप्प्याटप्प्याने थेट क्लासला द्यावी, पावती घ्यावी. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, ती विनामूल्य आहे.

परिस्थिती बेताची आणि मुलगा वाचणारा असेल, तर आयडिया या संस्थेची चौकशी करा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ती उभी केली. वंचित घरांतल्या मुलांची क्लॅटची तयारी करून घेणं हेच तिचं काम.

एवढी घासाघीस करून वाचवलेले पैसे कागदपत्रांपायी जाऊ शकतात. अधिवास, उत्पन्न, जात, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, ज्याला जे लागू असेल ते दिवाळीपूर्वी हाती घ्या. जात वैधतेला तर महिने लागतात. या दाखल्यांचं सरकारी शुल्क किरकोळ असतं, पण जूनमध्ये धावपळ करणाऱ्याकडून दलाल हजारो काढतो. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक आणा, असं कोणी म्हणालं तर आणू नका. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी तो लागत नाही, साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र चालतं, हे राज्य सरकारने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

हे दाखले वेळेत असले तर त्यांचं मोल फीच्या पावतीवर दिसतं. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली किंवा अभिमत विद्यापीठात गेलं की ही सवलत नाही. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच जागा देतो’ असं म्हणणारं महाविद्यालय ही गोष्ट सहसा सांगत नाही. पावतीविना पैसे मागितले तर तो देणगीचा प्रकार झाला, आणि २०१५ च्या राज्य कायद्याने त्याला बंदी आहे.

पदवीनंतरचाही थोडा खर्च आत्ताच टिपून ठेवा. सनदेच्या नोंदणीसाठी निरनिराळ्या राज्यांत पूर्वी पंधरा-वीस हजार, कुठे त्याहूनही जास्त घेतले जायचे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी त्याला चाप लावला. आता कायद्यात लिहिलेले ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये, आणि त्यावर लागणारं मुद्रांक शुल्क, एवढंच बार कौन्सिलला घेता येतं. अखिल भारतीय बार परीक्षेचे साडेतीन हजारांच्या आसपास रुपये वेगळे भरावे लागतात.