बिट, बाइट आणि वेगाचा हिशेब

१०० 'एमबी'ची जोडणी घेतली तरी फाइल उतरताना सेकंदाला १२ एमबीच का दिसतात, असा प्रश्न आपल्याला पडतो. ही बहुधा फसवणूक नसते. घोळ एककाचा असतो.

संगणक सर्व माहिती ० आणि १ या अंकांत साठवतो. असा एक अंक म्हणजे बिट. ८ बिट मिळून एक बाइट होतो. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात. म्हणून वेगाच्या आकड्याला ८ ने भागावे. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट. पूर्वी दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या ५६ किलोबिटच्या मोडेमलाही हाच हिशेब लागू होता: सेकंदाला फार तर ७ किलोबाइट.

बँडविड्थ ही नळाच्या रुंदीसारखी आहे. घरातील सर्वांनी एकदम तोट्या उघडल्या, तर प्रत्येकाची धार बारीक होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. माहिती उतरवण्याचा आणि चढवण्याचा वेग वेगळा असू शकतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर आपण दाखले चढवतो. चढवण्याचा वेग १ मेगाबिट असेल, तर ५ मेगाबाइटच्या दाखल्यांना किमान ४० सेकंद लागतात. शेवटच्या दिवशी तर अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकावरच गर्दी होते. तेथे आपला रुंद नळही कामी येत नाही. तेव्हा दाखल्यांच्या फाइली आधीच लहान करून ठेवू आणि अर्ज मुदतीपूर्वी भरू. हक्काची शिष्यवृत्ती केवळ या हिशेबापायी हुकू नये, एवढीच आमची इच्छा.