चार मिनिटांचा मैल अर्थात् मित्रसाहाय्याचें सामर्थ्य

वार्षिक क्रीडोत्सवाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या मैदानावर सकाळ-सायंकाळ धांवणाऱ्या मुलांची गर्दी दिसूं लागते. परंतु तेथें एक गोष्ट आमच्या मनास नेहमीं खटकते. जो तो आपल्यापुरता धांवतो. आपणांस किती वेळ लागला हें दुसऱ्यापासून लपवितो. आणि जो मागें पडतो तो दुसऱ्या दिवसापासून मैदानाकडे फिरकत नाहीं. धांवणें हें एकट्याचें काम, त्यांत मित्राचा काय उपयोग, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें एका प्रसिद्ध शर्यतीच्या इतिहासावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडांत मैलाच्या शर्यतीस फार मान असे. ४४० यार्डांच्या वाटोळ्या मार्गावर चार फेऱ्या घेतल्या कीं एक मैल पुरा होतो. प्रत्येक फेरी एका मिनिटांत घेतली, तर मैलास बरोबर चार मिनिटें लागतात. १९४२ ते १९४५ या काळांत स्वीडन देशांतील गुंडर हेग व आर्ने अँडरसन या दोन प्रतिस्पर्ध्यांनीं एकमेकांचे उच्चांक पुनः पुनः मोडून मैलाचा वेळ ४ मिनिटें ६ सेकंदांवरून ४ मिनिटें १.४ सेकंदांवर आणला. आतां अवघा दीड सेकंद उरला होता. पण पुढें जवळजवळ नऊ वर्षें तो दीड सेकंद कोणासही तोडतां आला नाहीं.

ज्यानें तो तोडला तो रॉजर बॅनिस्टर हा धंदेवाईक धांवपटु नव्हता. तो लंडनमध्यें वैद्यकाचें शिक्षण घेत होता व दुपारच्या सुटींत वेळ काढून धांवण्याचा सराव करीत होता. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत १५०० मीटरांच्या शर्यतींत त्याचा चौथा क्रमांक आला. निराश होऊन त्यानें धांवणें सोडलें असतें तर नवल नव्हतें. परंतु त्यानें अधिक मोठें साध्य डोळ्यांपुढें ठेविलें.

१९५३ च्या जून महिन्यांत एका शर्यतींत बॅनिस्टरनें मैलास ४ मिनिटें २ सेकंद घेतले. त्या वेळीं त्याचा मित्र ख्रिस ब्रॅशर हा मुद्दाम अत्यंत मंद गतीनें धांवला, आणि बॅनिस्टर एक फेरी पुढें जाऊन त्याला गांठतांच, त्याच्यापुढें राहून त्याला वेग देऊं लागला. तेथील अधिकाऱ्यांनीं हा उच्चांक मान्य केला नाहीं. कारण ती खरी शर्यत नव्हे, असें त्यांचें मत पडलें. हा निर्णय कठोर वाटला तरी त्यांत मोठें तथ्य आहे. साहाय्य करणारा स्वतः प्रामाणिकपणें धांवला पाहिजे. नाहींतर साहाय्याचें रूपांतर सोंगांत होतें.

त्या वर्षाच्या हिवाळ्यापासून बॅनिस्टर, ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे तिघे एकत्र सराव करूं लागले. फ्रान्झ स्टँफल नांवाचा ऑस्ट्रियन शिक्षक त्यांना सल्ला देई. त्यांचा मुख्य व्यायाम असा: ४४० यार्डांची एक फेरी वेगानें धांवावयाची, दोन मिनिटें विसांवा घ्यावयाचा, पुनः धांवावयाचें; याप्रमाणें दहा फेऱ्या. आरंभीं प्रत्येक फेरीस सरासरी ६६ सेकंद लागत. एप्रिलपर्यंत ते ६१ सेकंदांवर आले. पण पुढें कांहीं केल्या प्रगति होईना. तेव्हां बॅनिस्टर व ब्रॅशर यांनीं सराव बाजूस ठेविला आणि ते स्कॉटलंडांत डोंगर चढण्यास निघून गेले. परत आल्यावर त्यांनीं त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांच्या सरासरीनें पुऱ्या केल्या. अडलेल्या कामांत कधीं कधीं विश्रांतीच उपयोगी पडते, हें यावरून ध्यानीं येईल.

६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्ड येथील इफ्ली रोडच्या मैदानावर शर्यत झाली. त्या दिवशीं वारा इतका होता कीं, प्रयत्न करावा किंवा नाहीं, याचा निश्चय बॅनिस्टरला शर्यतीच्या थोडा वेळ आधींपर्यंत होईना. अखेरीस वारा किंचित् पडला. आरंभीं ब्रॅशर पुढें झाला. मागून बॅनिस्टरनें अधीर होऊन त्याला वेग वाढविण्यास ओरडून सांगितलें. पण ब्रॅशरनें आपली ठरलेली गति सोडली नाहीं. पहिल्या फेरीस ५७.५ सेकंद लागले. मित्राचें म्हणणें ऐकून तो आणखी वेगानें धांवता, तर दोघेही मध्येंच थकून गेले असते. सुमारें अडीच फेऱ्यांनंतर चॅटवे पुढें आला. तीन फेऱ्या तीन मिनिटांहून किंचित् अधिक वेळांत संपल्या. शेवटच्या फेरीचें सुमारें निम्में अंतर उरलें असतां बॅनिस्टर चॅटवेस मागें टाकून एकटा निघाला आणि दोरीशीं पोहोंचतांच जवळजवळ कोसळला. वेळ भरला ३ मिनिटें ५९.४ सेकंद!

या वेळीं तिघेही पहिल्यापासून खरी शर्यत धांवले होते. म्हणून हा उच्चांक मान्य झाला. मग साहाय्य करणाऱ्या दोघांचें त्यांत नुकसान झालें काय? मुळींच नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें चॅटवेनें ५००० मीटरांचें अंतर १३ मिनिटें ५१.६ सेकंदांत धांवून जागतिक उच्चांक केला. ब्रॅशरनें १९५६ सालीं मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत ३००० मीटरांची अडथळ्यांची शर्यत जिंकून सुवर्णपदक मिळविलें.

प्रतिस्पर्धीही एक प्रकारचा मित्रच असतो. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी कित्येक वेळां ४ मिनिटें २ सेकंदांपाशीं येऊन थांबला होता. कारण त्याच्या देशांत त्याच्या तोडीचा धांवणारा कोणी नव्हता. २१ जून १९५४ रोजीं फिनलंडांतील तुर्कू येथें त्यानें ३ मिनिटें ५८ सेकंदांत मैल पुरा केला. त्या वेळीं त्याच्या पाठीमागें पावलांचा आवाज होता तो चॅटवेचाच! याच लँडीनें १९५६ सालीं एका महत्त्वाच्या शर्यतींत रॉन क्लार्क हा तरुण पडलेला पाहतांच मागें वळून त्याची विचारपूस केली, आणि नंतर पुनः धांवून ती शर्यतही जिंकली.

असो. विद्यार्थ्यांनो, या इतिहासांतून आपणांस घेण्याजोगें बरेंच आहे. आपल्यांत बॅनिस्टर होण्याची शक्ति सर्वांना नसेल. परंतु ब्रॅशर होणें बहुतेकांच्या हातीं आहे. तिघां-चौघांनीं मिळून मैदानाची एक फेरी नीट मोजावी. एकानें धांवावें, दुसऱ्यानें घड्याळ धरावें, आणि वेळ जसा भरेल तसाच सांगावा. मित्राला बरें वाटावें म्हणून एक सेकंदही कमी सांगूं नये. पाळीपाळीनें पुढें धांवून एकमेकांस वेग द्यावा. शरीर थकेल त्या दिवशीं विसांवा घ्यावा. सर्वांत मंद धांवणाऱ्याचा वेळही वहींत लिहून ठेवावा. कारण गेल्या महिन्याच्या आंकड्याहून तो दोन सेकंदांनीं कमी झाला असेल, तर त्याचा आनंद पहिल्या क्रमांकाच्या आनंदाहून कमी नव्हे.

क्रीडोत्सवाच्या दिवशीं पारितोषिक एकालाच मिळणार. परंतु त्या एकाच्या पुढें व मागें कोण कोण धांवलें होतें, हें त्यानें विसरूं नये, आणि आपणही विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.