पट आणि हजेरी : वसईतील लहान धर्मग्रामी शाळांचा एक विचार

शाळेच्या कारभारात दोन आकड्यांना मोठे महत्त्व असते. एक पट आणि दुसरा हजेरी. पट म्हणजे शाळेत नाव दाखल असलेल्या मुलांची संख्या. हजेरी म्हणजे प्रत्यक्ष वर्गात येऊन बसलेल्या मुलांची संख्या. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. परंतु आपल्याकडील प्राथमिक शिक्षणाची बरीचशी कहाणी या दोन आकड्यांमधील अंतराची कहाणी आहे. पट कायद्याने वाढवता येतो. हजेरी मात्र गावाच्या बळावर टिकते, असे माझे मत आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील लहान कॅथलिक प्राथमिक शाळांच्या आधारे ते येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात ती सक्ती सर्वत्र लागू केली. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. पुढे दंडाची जागा उत्तेजनाने घेतली. १९९२ पासून आपल्या राज्यात दुर्बल घटकांतील मुलींसाठी हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात माध्यान्ह भोजनाची योजना आली. शेवटी २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क मिळाला.

या सर्व उपायांचे मोल कोणीही नाकारणार नाही. तरी एक प्रश्न उरतोच. आज सकाळी अमुक एक मुलगी वर्गात का आली नाही, हे संध्याकाळपर्यंत कोणाला कळते? दंड, भत्ता आणि खिचडी यांपैकी कोणीही तिच्या दारात जाऊन विचारपूस करीत नाही. ते काम माणसांचे आहे.

वसईत ही माणसे कशी उभी राहिली हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यकर्ते गेले, परंतु येथील ख्रिस्ती समाज आपल्या जमिनीवरच राहिला. तो भात, केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले पिकवीत राहिला आणि घरात सामवेदी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्याच बोली बोलत राहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) चर्चमधील उपासनाही लोकभाषेत होऊ लागली. एका चर्चच्या आधाराने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकसमूहाला येथे धर्मग्राम म्हणतात. चर्चच्या आवारात किंवा जवळपास शाळा आणि ती मराठी माध्यमाची, असे दृश्य या भागात अनेक ठिकाणी दिसते.

अशा शाळेत वर्गाचा कॅटलॉग हा एक प्रकारे गावाचा पंचांगच असतो. पाऊस झोडपून काढू लागला की सखल भागातील मुलांपुढे खाडे पडतात. भाताच्या लावणीला आणि कापणीला मोठी मुले धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. सोनचाफा पहाटे खुडावा लागतो, कारण तो सकाळच्या गाडीने दादरच्या बाजारात पोहोचायचा असतो. त्यामुळे फुलांच्या वाडीतली मुले उशिरा येतात. उपवासकाळात सहसा लग्ने होत नाहीत. तो संपला की लग्नसराई सुरू होते आणि लग्नघराच्या आळीतली मुले एकदमच दिसेनाशी होतात. बाहेरून आलेल्या तपासनिसाला हे केवळ खाडे दिसतील. गावातल्या शिक्षकाला प्रत्येक खाड्याचे कारण ठाऊक असते.

हे ठाऊक असणे हीच लहान शाळेची खरी शक्ती होय. शिक्षक बहुधा त्याच परिसरातले. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर ते पालकांना भेटतात आणि तिथेच अर्धी पालकसभा उरकते. शाळाप्रवेशाची सूचना वेदीवरून दिली जाते. गरिबांच्या घरी भेटी देणारी संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था १८३३ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. तिच्या शाखा अनेक धर्मग्रामांत आहेत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाकडे वह्यांना पैसे नाहीत, हे अशा कार्यकर्त्यांमार्फत मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते. नाताळचा गोठा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन यांना सारे गाव लोटते. ज्या अंगणात आपण नेहमी जातो, तेथे मूल पाठवायला संकोच वाटत नाही.

येथे एक शंका घेतली जाईल. हे सारे ख्रिस्ती मुलांपुरते झाले; इतरांचे काय? या प्रश्नाचे उत्तर मी स्वानुभवावरून देऊ शकते. मी ख्रिस्ती नाही. माझी आई दुसऱ्याच्या वाडीत फुले खुडण्याच्या कामाला जाते आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या चार इयत्ता अशाच एका शाळेत झाल्या. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जात तेव्हा आम्हाला मूल्यशिक्षण असे. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेच्या २८व्या कलमात आहे, हे मला कॉलेजात कळले. शाळेत ते सहज पाळले जात होते. दुसरीत असताना धाकट्या भावासाठी मला सलग काही दिवस घरी राहावे लागले. रविवारची सूचना आमच्या घरी पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. पण बाई स्वतः वाडीत आल्या आणि आईला म्हणाल्या, "धाकट्याला घेऊन येऊ दे तिला. बसेल माझ्या टेबलाजवळ." आठवडाभर तो तसा बसला. पुढे शेजारच्या आजींनी त्याला दुपारपर्यंत सांभाळायचे कबूल केले. त्या चर्चला जाणाऱ्या आणि आम्ही देवळात जाणारे. पण माझा खाडा त्यांनाही आपला वाटला. माझे शिक्षण त्या आठवड्यात तुटले असते, तर कोणत्याही कायद्याला त्याचा पत्ता लागला नसता.

आज मात्र चित्र पालटत आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. जुन्या बागायतदार कुटुंबांतील मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. नोकरीच्या बाजारात इंग्रजीला भाव आहे हे सर्वांनाच दिसते. परंतु त्यामुळे मराठी शाळांचा पट घटतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. दोन शिक्षकांनी सारे वर्ग सांभाळायचे म्हटले की उरलेले पालकही कचरतात आणि पट आणखी खाली येतो. असे हे दुष्टचक्र आहे.

त्याहूनही मोठा बदल पटाच्या आत झाला आहे. आता या शाळांत आदिवासी, बांधकाम मजूर, परजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुले वाढत आहेत. त्यांचे आईबाप रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटत नाहीत. काम संपले की बिऱ्हाड हलते आणि मूल गेले कुठे, हे कोणालाच ठाऊक नसते. पटावर नाव राहते, हजेरी नाहीशी होते. शाळा तीच आहे. तिच्याभोवतीचे गाव बदलले आहे.

तेव्हा उपायही तेथेच शोधला पाहिजे. शाळेने आपले नवे गाव ओळखले पाहिजे. पालकसभा मजुरांना सोयीच्या वेळी, कामाच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी. प्रत्येक चाळीतली एखादी जाणती बाई शाळेशी जोडून घ्यावी. दोन दिवस मूल आले नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभे राहावे. बिऱ्हाड हलणार असेल, तर दाखला आधीच हातात द्यावा आणि पुढच्या गावच्या शाळेची चौकशी करून ठेवावी. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही.

या कामात आपणा विद्यार्थ्यांनाही वाटा उचलता येईल. आपल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे. श्रमदान आणि वृक्षारोपण यांबरोबरच आपण प्रत्येकी एका लहान शाळेच्या चार-पाच घरांची जबाबदारी का घेऊ नये? आपल्यापैकी कित्येकजण अशाच शाळांतून आलो आहोत. आपण हजर राहावे म्हणून त्या वेळी कोणीतरी चालत आपल्या घरी आले होते. आता चालत जाण्याची पाळी आपली आहे.

— द्वितीय वर्ष, कला